गोळीचे दात बघणारे नाना

"म्याडम, तुमी खऱ्या कुठल्या?"

पहिल्या दिवशी, ओळख ना पाळख, हातातला चहा संपायच्या आत नानांनी मला हे विचारलं.

"राहात्याचीच," मी म्हटलं.

"माहेर का सासर?"

"माहेर."

"मग सासर सोडून हितं का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नवऱ्याची बदली झाली इकडे. आणखी काही? रेशनकार्ड दाखवू?"

नाना शांतपणे म्हणाले, "दावा की."

असा हा माणूस. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात उभा जन्म दलालीत गेलेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाजार सुटला. आमच्या मालकाच्या वडिलांना त्यांनी कधीकाळी एक बैलजोडी घेऊन दिली होती, ती चांगली निघाली, तेवढ्या पुण्याईवर नाना आमच्याकडे लागले.

आमच्याकडे म्हणजे राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागेत काढलेल्या कृषी पर्यटन केंद्रात. चुलीवरचं जेवण, बैलगाडीची चक्कर, थंडीत हुरडा, आणि बागेच्या मागच्या पडीक तुकड्यावर पेंटबॉल. बंदुकीतून रंगाची गोळी मारायची, ज्याच्या अंगावर फुटली तो बाद. शिर्डीचं दर्शन उरकून आलेली कुटुंबं असोत नाहीतर नगरच्या एमआयडीसीतले साहेब लोक, एकमेकांना गोळ्या घालताना सगळ्यांचे चेहरे असे काही खुलतात की विचारू नका. मी बुकिंग बघायचे, बबन मैदान बघायचा, आणि नाना गोळ्या सांभाळायचे.

गोळ्या सांभाळायला माणूस कशाला लागतो, असं मलाही आधी वाटलं होतं. पण ती जात फार नाजूक. औषधाच्या कॅप्सूलचं असतं तसलं तिचं कवच, आत पातळ रंग. उन्हात ठेवली तर मऊ पडते आणि शेजारणीला चिकटते. दमट हवेत फुगते आणि बंदुकीच्या नळीत अडकते. थंडीत ठिसूळ होऊन नळीतच फुटते. बर्फात गारठवली तर अंगावर न फुटता दगडासारखी बसते. नुसती एका जागी पडून राहिली तरी एका अंगानं चपटी होते, म्हणून पिशव्यांची अधूनमधून कूस बदलावी लागते. हे सगळं पुरवठादारानं मालकाला समजावलं होतं आणि मालकानं नानांना. नानांनी मान डोलवली आणि मग स्वतः चार गोळ्या पत्र्यावर ठेवल्या, चार फ्रीजमध्ये, आणि दिवसभर त्यांच्याभोवती घिरट्या घातल्या.

"सांगनाऱ्याचं काय जातंय?" ते म्हणाले. "इस्वास पानिपतात मेला."

नवीन माल आला की नाना पिशवी फोडायचे, मूठभर गोळ्या तळहातावर घ्यायचे, एकेक उजेडाकडे धरायचे, अंगठ्यानं दाबायचे, वास घ्यायचे. मग खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडायचे. पहिल्यांदा गोळीनं उडी मारावी, दुसऱ्या-तिसऱ्यांदा फुटावी. पहिल्यालाच फुटली तर ठिसूळ, फुटलीच नाही तर म्हातारी. या सगळ्या प्रकाराला ते 'दात बघणं' म्हणायचे. बाजारात बैलाचं वय दातांवरून कळतं ना, तसं.

एकदा मे महिन्यात भर दुपारी मालाचा टेम्पो आला. नाना ड्रायव्हरला सावलीत घेऊन गेले, तांब्याभर पाणी दिलं आणि मायेनं विचारलं, "जेवलास का रं?"

"जेवलो की नाना. बायपासच्या ढाब्यावर."

"काय हुतं?"

"शेवभाजी."

"गार का गरम?"

"गरमागरम. समोर करून दिली."

"म्हंजी बसला आसशील घटकाभर. त्या ढाब्यापुढं झाड न्हाई एक बी. टेम्पो कुठं हुता रं?"

ड्रायव्हरच्या घशातलं पाणी घशातच राहिलं. खोकी उघडली तर गोळ्यांचे राजगिऱ्याच्या लाडवासारखे गठ्ठे झालेले. टेम्पो आल्या पावली परत. त्यानंतर पुरवठादाराचे ड्रायव्हर आमच्याकडे पोचेपर्यंत उपाशी राहायला लागले. फाटकातून आत आल्या आल्या सांगायचे, "नाना, सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही हो!"

दुसरी गोष्ट कडाक्याच्या थंडीतली. एका नवरदेवाचे मित्र लग्नाआधी त्याला घेऊन आले होते. हसणं, खिदळणं, पाठीवर थापा. नाना खांबाला टेकून बघत होते. मला हळूच म्हणाले, "म्याडम, ही पोरं नवरदेवाला लई मान देत्यात. कायतरी हाय."

"अहो, मित्र आहेत त्याचे!"

"म्हनून तर."

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून नाना परत आले, ते हातात गारठलेली पिशवी घेऊन. फ्रीजरमध्ये मटका कुल्फीच्या मागे पोरांनी गोळ्या बर्फात ठेवल्या होत्या, नवरदेवाला सणसणीत लागाव्यात म्हणून. नानांनी सगळ्यांच्या देखत एक गोळी फरशीवर आपटली. टणकन उडाली आणि घरंगळत नवरदेवाच्या बुटापाशी गेली. फुटली नाही.

"उचला, नवरदेव," नाना म्हणाले. "तुमच्यासाठीच ठिवली हुती. हितून पुढं दोस्त निवडताना दात बघत जावा."

त्या दिवशी मला नाना आवडले, सांगून टाकते. मास्क घातलेला असला तरी मान उघडी असते, कान उघडे असतात. त्या पोराचं काय झालं असतं कोण जाणे.

पण संशयाला वेसण नसते हो. नाना माझ्या चहातल्या साखरेवर संशय घ्यायचे, आचाऱ्याच्या आजारपणावर घ्यायचे, ढगांवर घ्यायचे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या तर कशाला वाजवल्या, आणि नाही वाजवल्या तर का नाही. अशा माणसाचं कुणाशी जमावं? पण बबनशी जमलं होतं.

बबन पाथर्डीकडचा, तिशीतला गडी. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, आणि लग्नानंतर काही वर्षं त्यानंही नवरा-बायकोच्या जोडीनं कोयता धरला. श्रीगोंद्याच्या फडातल्या खोपटात त्याची पोरगी रांगायला शिकली. आमच्याकडे नोकरी लागल्यावर तो कोयता सुटला. पोरगी राहात्याच्या शाळेत जायला लागली आणि दिवाळीनंतर मध्येच शाळा सोडून कुठे जायची पाळी तिच्यावर आली नाही. बबन दर दोन वाक्यांनंतर पोरीच्या शाळेचं काढायचा. तो बंदुका पुसायचा, लोकांना मास्क घालून द्यायचा आणि गोळ्यांच्या खोलीची दुसरी किल्ली सांभाळायचा.

नानांच्या खांद्यावर कायम एक उपरणं असे. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळत नाही. नानांनी ही बोटांची भाषा बबनला शिकवली होती. चहा कुणी आणायचा, पिशव्यांची कूस कुणी बदलायची, यावर दोघांचा उपरण्याखाली सौदा चाले. हात खाली खेचाखेची करतायत आणि वर दोघंही भलतीकडेच बघतायत. मग बबन ओरडायचा, "न्हाई परवडत नाना!" आणि तरी उठून चहा आणायचा.

तर मे महिन्यातला तो टेम्पो परत गेल्यावर नानांनी मालकामागे टुमणं लावलं की गोळ्यांच्या खोलीला गारवा पायजे. मालकानं मोठा कुलर आणून दिला, वाळ्याच्या ताट्यांचा. आपल्याकडे उन्हाळ्यात घराघरात असतो तसा. त्या खोलीत काय थंडगार वाटायचं! मीसुद्धा काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन उभी राहायचे. कुलरमध्ये पाणी नाना स्वतः भरायचे. दुसऱ्याला हात लावू देत नसत.

आणि मग गोळ्या फुगायला लागल्या.

भर खेळात बंदुका अडकायला लागल्या. एका कंपनीच्या लोकांनी चिडून अर्ध्यातच खेळ सोडला आणि मालकाला चारचौघांत वाट्टेल ते बोलले. नानांनी गोळी हातात घेतली, दाबली, आणि तोंड कडू केलं.

"ह्या मालाला पानी पाजलंय."

मला म्हणाले, "बाजारात करत्यात असं. बैलाला आदल्या दिशी मीठ चारायचं. मग तो ढसाढसा पानी पितो आनि सकाळी प्वाट तट्ट. गायीची कास तुंबवत्यात. बगनाऱ्याला वाटतं, काय जनावर हाय!"

"अहो पण गोळीला कोण पाणी पाजेल? आणि कशाला?"

"त्येच तर काढायचंय."

आधी संशय पुरवठादारावर. नानांनी साठ्यातल्या सीलबंद पिशव्या एकेक करून फोडल्या आणि आतला माल तपासला. सगळा चांगला निघाला. पण काही दिवसांनी तोही फुगला. म्हणजे येताना माल बरा होता आणि आपल्या खोलीत येऊन बिघडला. आभाळात ढगाचा मागमूस नाही, जमिनीला भेगा पडलेल्या, मग ओल आली कुठून? नानांच्या मते आता उत्तर एकच होतं. घरातलाच कुणीतरी.

दुसरी किल्ली बबनकडे. त्यातच हायवेला नवीन पेंटबॉलचं मैदान निघालं होतं, तिथला एक माणूस बबनशी फाटकापाशी बोलत उभा असलेला नानांनी पाहिला.

"गाववाला हाय माझा," बबन म्हणाला. "पोरीच्या जावळाला बी आल्ता तवा. बोलू नको का?"

"बोल की. पन त्यो आल्यापासनं माल बिघडाया लागला, ह्ये बी खरं."

नानांनी हे सगळं मालकाच्या कानावर घातलं. मालक आधीच तापलेला. बबनला समोर उभं करून म्हणाला, "शनिवारपर्यंत बघतो. हे थांबलं नाही तर तू तुझं दुसरीकडे बघ."

बबनचा चेहरा पांढराफटक पडला. तो सरळ नानांपुढे जाऊन उभा राहिला.

"नाना, माज्या तोंडाकडं बघा आनि म्हना, बबन्यानं माल नासवला."

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तोंडाकडं बघून म्या कदी बैल बी घेतला न्हाई."

बबननं किल्ली करगोट्यातून सोडवून नानांच्या पायापाशी टाकली. मला म्हणाला, "ताई, पोरीला काय सांगू? कोयत्यावर चाललो आपुन परत, असं सांगू?" मला रडूच आलं. संतापही आला. माझ्या मनात तर वेगळीच पाल चुकचुकत होती. या म्हाताऱ्याला बबनच्या जागी आपला कुणी पुतण्या-भाचा चिकटवायचा असेल, म्हणून हा बनाव करतोय. मी दोन दिवस नानांना चहा दिला नाही. संशय रोगासारखाच, एकाला झाला की घरभर पसरतो.

शुक्रवारी नानांनी सापळा लावला. दोन्ही किल्ल्या आपल्या कमरेला, खिडकी आतून बंद. खोलीच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी बारीक मिठाचा सपाट थर पसरला. पिठाला मुंग्या लागतात म्हणून मीठ. कुणी बनावट किल्लीनं आत शिरलाच तर पाय उमटल्याशिवाय राहणार नाही. उकाडा मरणाचा, म्हणून कुलरची टाकी काठोकाठ भरली, तो चालू ठेवला आणि कुलूप घातलं.

शनिवारी सकाळी मालक, बबन, मी, सगळे दारापुढे जमलो. बबननं घरून कपड्यांची पिशवीच आणली होती. त्या पिशवीकडे बघवत नव्हतं.

नानांनी कुलूप काढलं, दार ढकललं. मिठावर पाऊल नव्हतं.

"कोणी आलं नाही," मालक म्हणाला.

नाना खाली बसले. गुडघे कटकट वाजले. त्यांनी मिठाला बोट लावलं. मीठ बोटाला चिकटून आलं. थर सगळा ओला झाला होता, कडेनं पाणी सुटलं होतं. त्यांनी बोट जिभेला लावलं, जणू ते मीठच आहे ना याचीसुद्धा खात्री नव्हती.

"म्याडम, तुमच्या घरी मिठाची बरनी कशी हाय सध्या?"

"कशी म्हणजे? कोरडी ठणठणीत. मे महिना आहे नाना."

"मग हितल्या मिठाला घाम का?"

खोलीत फक्त कुलर घरघरत होता. नानांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. कुलरच्या जाळीवर थेंब जमले होते आणि ओला गार वारा सरळ उघड्या पिशव्यांवर येत होता. नाना उठले. उघड्या पिशवीतली गोळी काढली, ती फुगलेली. मग कोपऱ्यातल्या खोक्यामागे एक पिशवी पडली होती, फोडायची राहून गेलेली. ती त्यांनी फोडली आणि गोळी खांद्याच्या उंचीवरून सोडली. एकदा उडाली. उचलून पुन्हा सोडली, तर फुटली. अगदी जशी फुटायला हवी तशी.

त्या खोलीत पाणी भरणारा माणूस एकच होता. आणि तपासायच्या नादात सीलबंद पिशव्यांची तोंडं मोकळी करणाराही तोच.

"मालक, चोर घावला," नाना म्हणाले.

"कोण?"

"मीच की. पानी म्याच पाजलं."

मालक आधी बघतच राहिला आणि मग पोट धरून हसायला लागला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! नाना, तुम्ही पण ना!" त्याचा जीव भांड्यात पडला होता. तो हसू शकत होता. बबन हसला नाही. नाना दोन्ही किल्ल्या हातात घेऊन त्याच्यापुढे गेले.

बबननं त्यातली आपली तेवढी उचलली. "ही माजी. तुमची तुमी ठिवा. उद्या म्हनाल, ही बी चोरली."

आणि कपड्यांची पिशवी तशीच काखेत मारून मैदानाकडे निघून गेला.

मालकानं खोलीला एसी बसवला. एसी हवा कोरडी करतो, हे नानांना पटवायला मेकॅनिकच्या तोंडाला फेस आला. तरी नानांनी फळीवर एका वाटीत मीठ ठेवलंच. रोज सकाळी आल्या आल्या ते वाटीत बोट घालून बघायचे. पावसाळा आला, बाहेर कपडे वाळेनात, भिंतींना बुरशी आली, पण वाटीतलं मीठ कोरडं राहिलं आणि सीलबंद पिशव्या सीलबंद राहिल्या. मालाची एकही तक्रार आली नाही.

पण नाना बदलले. कुणाला काही विचारीनात. टेम्पोवाला आला, ढेकर देत आला, तरी नाना गप्प. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "नाना, उद्या मी सुट्टी घेतेय, मावशीकडे जायचंय." वाटलं, आता विचारतील, कोणती मावशी, सख्खी का चुलत. ते म्हणाले, "जावा." मला इतकं वाईट वाटलं! आणि बबन? कामापुरतं बोलायचा. पिशव्यांची कूस आपणच बदलायचा, चहा न सांगता आणून ठेवायचा. नानांसमोर कप ठेवला की लगेच पाठ फिरवायचा. उपरणं नानांच्या खांद्यावरच राहिलं.

मी एकदा बबनला म्हटलं, "सोड की आता. म्हातारा माणूस आहे."

"ताई, परक्यानं म्हनलं आस्तं तर इसरलो आस्तो," तो म्हणाला.

पावसाळा सरता सरता नानांचे गुडघे पारच गेले. घोडेगावला लेकाकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी नेमका नवा माल उतरला होता. नाना सवयीनं खोक्यापाशी गेले, एक पिशवी उचलली, अंगठा सीलवर ठेवला. तिथेच थोडा वेळ राहिला तो अंगठा. मग त्यांनी पिशवी न फोडता बबनकडे दिली. बबननं ती घेतली आणि फळीवर ठेवली.

फाटकापाशी रिक्षा आली. नानांनी आधी तिच्या मागच्या टायरला अंगठा दाबून पाहिला. रिक्षावाला म्हणाला, "हवा आहे बाबा." नानांनी पुन्हा दाबून पाहिला. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"म्याडम, येतो," ते म्हणाले. "तुमच्या नवऱ्याची खरंच बदली झाल्ती ना?"

"झाली होती हो नाना!"

बबन त्यांचं गाठोडं घेऊन आला, रिक्षात ठेवलं आणि वळला. तेव्हा नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं आणि तो हात पुढे केला. भर रस्त्यात, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि हा माणूस बाजारात उभा राहावा तसा उभा. बबन बघत राहिला. मला वाटलं, आता हा तसाच निघून जातो. पण त्यानं पँटला हात पुसला आणि उपरण्याखाली घातला.

सौद्याच्या वेळी दोघंही दुसरीकडे बघतात, हे मी कितीदा पाहिलं होतं. बबन तसा पेरूच्या झाडांकडे बघत होता. नाना मात्र या वेळी थेट बबनच्या तोंडाकडे बघत होते.

बराच वेळ तसेच उभे होते दोघं. मग नानांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, रिक्षात बसले आणि रिक्षा गेली.

बबन फाटक लावायला लागला. मला राहवेना.

"काय रे, काय भाव सांगितला नानांनी?"

"काय बी न्हाई." तो कडी घालत होता, पण ती बसत नव्हती. "बोटं दाबलीच न्हाईत, ताई. नुसता हात धरून हुते."